नारळाचा पाऊण तास

किसन, रविवारी तुझ्या पुण्यानुमोदनाला मी मागच्या रांगेत बसलो होतो. तुला ते आवडलं नसतं. "सर, फुडं या की, म्हागं का बसलाय?" म्हणत तू मला हाताला धरून पुढच्या खुर्चीत नेऊन बसवलं असतंस आणि सगळ्यांदेखत ओशाळं केलं असतंस. पांढऱ्या कापडावर तुझा फोटो ठेवला होता, कॉलेजच्या ओळखपत्रासाठी काढलेला, कॉलरचं वरचं बटण लावलेला. बुद्धवंदना झाली, कोडोलीहून आलेले तुझे चुलते दोन शब्द बोलले, मग आपल्या विभागातले लोक एकेक करून उठले. रसायनशास्त्राच्या आपल्या जुन्या मित्राने 'किसनचा गळका डबा' हा किस्सा सांगितला. प्रेमानेच सांगितला. लोक डोळे पुसता पुसता हसले. तुझी बायको हसली नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी घशाला हात लावून घसा बसल्याची खूण केली. माझा घसा चांगला होता.

विभागाच्या अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहायला मला सांगितलंय. ती मी लिहून देईन. वक्तशीर, कष्टाळू, हाताला गुण असलेला प्रयोगशाळा सहायक वगैरे. त्यात खोटं काहीच नसेल आणि तरी ती पानं खोटी असतील. हे दुसरं लिखाण तुझ्याशी आहे. उशीर झालाय हे मला कळतं. माझ्या हातून बहुतेक गोष्टी उशिरानेच होतात, आणि एका गोष्टीला झालेला उशीर तर मी लपवला. तेच सांगायचंय.

तू आमच्याकडे आलास तो उद्यमनगरातल्या फाउंड्रीतून. ओतीव कामाची धूळ छातीत बसली म्हणून डॉक्टरने काम सोडायला लावलं होतं आणि तुला वाटलं होतं, कॉलेजात बाटल्या धुवायच्या म्हणजे आराम. मी तेव्हा नुकता लागलेला, भूशास्त्राचा तरुण प्राध्यापक, अंगात नको इतका उत्साह. पहिल्याच आठवड्यात मी तुझ्यापुढे काळ्या शेलचा तुकडा ठेवला. म्हटलं, हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्यातला गाळ. त्यात पालापाचोळा कुजला, वर ओझं चढत गेलं, त्याचा दगड झाला. कुजलेल्याचा कार्बन झाला म्हणून हा काळा. ह्याच्या पोटात बारीक बारीक छिद्रं आहेत आणि छिद्रांत वायू.

तू तो खिडकीपाशी नेऊन उलटासुलटा पाहिलास. "भोकं हायत म्हणतासा? मला तर एकबी दिसंना."

"आपल्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत."

"मग हायत कशावरनं?"

इतका सरळ प्रश्न मला एम.एस्सी.च्या पोरांनी कधी विचारला नाही. मग आपण दगड वाळवून त्याचं वजन केलं, तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवला, पुन्हा वजन केलं. जेवढं वजन वाढलं तेवढं रॉकेल आत शिरलं, म्हणजे तेवढी जागा आत आहे. पाण्यात टाकला असता तर शेलचे पापुद्रे सुटून चिखल झाला असता, म्हणून रॉकेल. त्या साली रॉकेलला रांगा होत्या. तू घरच्या कॅनमधून बाटली भरून आणलीस आणि वहिनींनी दोन दिवस चुलीवर स्वयंपाक केला, हे मला फार नंतर कळलं. "तिकडं फाउंड्रीत कास्टिंगला भोकं पडली की माल परत यायचा, मुकादम आईबापाचा उद्धार करायचा," तू म्हणालास. "हितं भोकं सापडली की तुमी पेढं वाटतासा." मी खरोखरच पेढे वाटले होते.

आपल्या कोल्हापूरच्या मातीत ह्या कामाला कोण विचारतो. पन्हाळ्याच्या दगडाला डोळ्यांना दिसतील एवढी भोकं आहेत आणि त्यात काही नाही. शेल पाहायचा तर राज्याच्या दुसऱ्या टोकाला, चांद्याच्या कोळशाच्या पट्ट्यात जायला हवं. पण तेलाचे भाव भडकले होते, दिल्लीपासून गल्लीपर्यंत जो तो इंधनाबद्दल बोलत होता, आणि मला एक लहानसं अनुदान मिळालं. काम एका ओळीचं होतं. कोळशाच्या वरच्या काळ्या शेलमध्ये वायू किती आहे, ते मोजायचं. निकाल चांगला आला तर पुढचं मोठं अनुदान, विभागात तुझ्यासाठी तांत्रिक सहायकाची जागा, आणि लेखावर माझ्या नावाशेजारी तुझं नाव. हे तिन्ही मी तुला आपणहून कबूल केलं होतं. तू मागितलं नव्हतंस. कोडोलीत तू भावाला सांगून आलास की पुस्तकात नाव येणार.

परदेशी पद्धतीत ॲल्युमिनियमचा हवाबंद डबा लागायचा. तो आपल्याला कोण देणार. तू उद्यमनगरात जुन्या मालकाच्या लेथवर बसून विहिरीच्या पंपाच्या पाइपातून तीन डबे केलेस. वर झाकण, सहा बोल्ट, झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं गास्केट, बाजूला वायू सोडायला पितळी कॉक. मग प्रत्येक डब्यात सायकलच्या पंपाने हवा भरून तो बादलीत बुडवायचा आणि बघत बसायचं. पंक्चरवाल्यासारखं. एक बुडबुडा आला की तू सगळे बोल्ट काढून पुन्हा पहिल्यापासून सुरू. मला त्याचा कंटाळा यायचा. "अरे, झालं की आता," मी म्हणायचो. "सर, वायू तुमच्यासाठी थांबणार हाय व्हय?" तू म्हणायचास. पुढे हे वाक्य मला झोपू देणार नाही हे तेव्हा मला काय ठाऊक.

मग चांदा. दोन दिवसांचा प्रवास, मांडीवर डबे. ड्रिलिंगचा तळ माळावर, सावलीला एक पळस. काम आपण वाटून घेतलं होतं. कांडी, म्हणजे जमिनीतून कापून काढलेला दगडाचा दंडगोल, वर आली की तू ती डब्यात भरून बोल्ट आवळायचे आणि मी घड्याळ पाहून वेळ लिहायची. ती वेळ फार महत्त्वाची. दगड वर आला की त्याच्यावरचं ओझं जातं आणि आतला वायू निसटायला लागतो. डबा बंद होईपर्यंत जो गेला तो मोजता येत नाही, त्याचा फक्त हिशेब मांडता येतो, आणि तो हिशेब त्या वेळेवरच उभा असतो. पंधरा मिनिटांच्या वर गेलं तर नमुना बाद धरावा, असं मी स्वतःच्या हाताने अर्जात लिहून दिलं होतं.

काळी पट्टी एकदाच लागली. तिसऱ्या दिवशी, सकाळी. ओली, तुळतुळीत, हातभर लांब कांडी त्यांनी पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवली आणि तू डब्याचं झाकण काढून पुढे झालास. आणि मी म्हणालो, थांब.

मी म्हणालो, पहिलाच नमुना आहे, नारळ फोडू या. कोल्हापूरचा माणूस मी. आमच्याकडे नवा लेथ आला तरी नारळ, विहिरीवर इंजिन बसलं तरी नारळ. तू अठराव्या वर्षी वडिलांबरोबर धम्मदीक्षा घेतलेली, तुला त्यातलं काही नको होतं, पण माझ्या देवाधर्माला तू कधी आडवा आला नाहीस. खंडेनवमीला मी सूक्ष्मदर्शकांची पूजा करायचो तेव्हा तू बाहेर व्हरांड्यात उभा राहायचास आणि मग फडकं घेऊन आत यायचास. "झालं न्हवं तुमचं? भिंगावर कुंकू पडलंय, पुसतो." त्यावर आपण दोघंही हसायचो. चांद्याला मात्र नारळ सोबत आणायचा मी विसरलो होतो. ड्रिलरचा माणूस सायकलवरून गावात गेला. तो येईपर्यंत मी त्या कांडीला हळदकुंकू लावलं, सगळ्यांना गोळा केलं, फोटोसाठी उभं केलं.

तू तसाच उभा होतास, डबा उघडा धरून. "सर, भरू का? बगा, बुडबुडं येतायत." मी पाहिलं. दगडाच्या ओल्या अंगावर बारीक बारीक फेस धरला होता. कुंकवातून बुडबुडे वर येत होते आणि फुटत होते. मला ते शुभ वाटलं. मी तळावरच्या लोकांना बोलावून दाखवलं सुद्धा. तू पुन्हा म्हणालास, "सर." मी म्हणालो, "अरे, आला तो, दोन मिनिटं."

नारळ आला, फुटला, खोबरं वाटलं, फोटो निघाला. तो फोटो अजून विभागात माझ्या टेबलामागे आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. तू दगडाकडे बघतोयस.

तू कुंकू पुसून कांडी डब्यात भरलीस, सहाही बोल्ट आवळलेस, आणि ओरडून म्हणालास, "बंद." मी घड्याळ पाहिलं. पाऊण तास झाला होता. माझ्या हातात नोंदवही होती, आणि त्या रकान्यात पाऊण तास लिहिला तर नमुना बाद, फेरी वाया, अनुदान वाया. आणि कारण काय लिहायचं? नारळ? मी 'दहा मिनिटे' लिहिलं. छान अक्षरात लिहिलं.

परत आल्यावर चार महिने तू त्या डब्याला जपलंस. कोमट पाण्याच्या टाकीत डबा, कॉकला नळी, नळीचं तोंड पाण्यात उलट्या धरलेल्या मोजपात्राखाली. किती वायू जमला, ते सकाळ-संध्याकाळ वाचायचं. दिवाळीच्या दिवशीही मी पहाटेची अंघोळ करून आलो तेव्हा तू कॉलेजच्या फाटकाशी भेटलास, तू वाचन घेऊन निघाला होतास. शेवटी दगड हवाबंद गिरणीत दळून त्याच्या कोंडलेल्या छिद्रांतलाही वायू मोजलास, आणि ती धूळ डॉक्टरने नको म्हणून सांगितलेली असताना खाल्लीस.

आकडेमोड माझ्याकडे होती. एकदा तू टेबलाशी येऊन उभा राहिलास. "सर, एक इचारू? त्यो नारळाचा वेळ धरलाय न्हवं?"

"धरलाय," मी म्हणालो.

एवढंच. तू मान डोलावलीस आणि गेलास. पुन्हा कधी विचारलं नाहीस, कारण मी सांगितलं होतं. किसन, माझ्या शब्दावर इतका विश्वास माझ्या बायकोनेही कधी ठेवला नाही. आणि तिचंच बरोबर होतं.

पुण्याहून अनुदानाचं काम तपासायला आलेले गृहस्थ हुशार होते. आलेख पाहताच म्हणाले, सुरुवातीचे ठिपके रेषेच्या खाली आहेत. पहिल्या काही तासांत वायू यायला हवा तितका आलेला नाही. ते बरोबर होतं. यायचा तो आधीच गेला होता, माळावर, कुंकवातून. पण त्यांना ते कसं कळणार? कागदावर दहा मिनिटं होती. ते म्हणाले, "म्हणजे डबा सुरुवातीला गळला. गास्केट नंतर बसलं असेल. घरगुती डबा, दुसरं काय होणार." तू चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा होतास. ट्रे खाली ठेवलास आणि म्हणालास, "डबा म्या केलाय साहेब. गळला आसंल तर चूक माझी."

त्या वेळी मला तोंड उघडायला किती वेळ लागला असता? नारळ फुटायला लागतो त्याहूनही कमी. मी चहात साखर ढवळत बसलो. अहवालात मी लिहिलं: 'प्रयोगशाळेत बनवलेल्या डब्यातील सुरुवातीच्या गळतीमुळे निष्कर्ष विश्वसनीय नाहीत.' वाक्य माझं आहे. व्याकरणशुद्ध आहे.

काम तिथेच बंद पडलं. तुझी जागा झाली नाही, लेख झाला नाही, नाव आलं नाही. कोडोलीत भावाने विचारलं तेव्हा तू काय सांगितलंस, मला ठाऊक नाही. स्टाफरूममध्ये 'गळका डबा' हा शब्द रुळला. कुणाचा पेन गळला की किसनचा डबा, कुणाच्या पोटात गोष्ट राहिली नाही की किसनचा डबा. मी हसायचो. मी पुढे विभागप्रमुख झालो.

आणि तू डबे करत राहिलास. दर वर्षी नवं गास्केट. एकदा ट्यूब दुहेरी केलीस, एकदा ट्रॅक्टरच्या टायरमधून कापलंस, एकदा बोल्ट सहाचे आठ केलेस. बादली, पंप, आणि बघत बसणं. "सर, एकदा परत जाऊया की चांद्याला. आता गळत न्हाय." मी म्हणायचो, पैसे नाहीत, माणसं नाहीत, आता कोणाला रस नाही. ह्यावरून आपली भांडणं व्हायची आणि ती मी वरिष्ठ म्हणून जिंकायचो. एकदा तू चिडून म्हणालास, "तुमास्नी खरं काय हाय ते बघायचंच न्हाय." मी तुला बाहेर जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तू नेहमीसारखा आलास, टेबल पुसलंस, आणि मी तुझी माफी मागितली नाही.

एक गोष्ट तुला माहीत नाही. अहवाल धाडल्यावर महिन्याभराने मी दार लावून तेच आकडे पुन्हा मांडले. दहा मिनिटांच्या जागी पाऊण तास धरला. ठिपके पट्टीवर ठेवल्यासारखे सरळ रेषेत आले, एकही इकडे तिकडे नाही. निसटलेल्या वायूचा आकडा दुपटीच्या वर गेला. त्या काळ्या दगडात खरंच पुष्कळ वायू होता, आणि तुझा डबा पहिल्या मिनिटापासून पक्का होता. इतकं स्वच्छ काम माझ्या विभागात त्याआधी झालं नाही, त्यानंतरही नाही. मी तो आलेख घडी करून कपाटात ठेवला. नमुना दळून झाला होता, ते ड्रिलिंगचं भोक बुजलं होतं, उरलेल्या कांड्यांचे तुकडे कॉलेजने सायकल स्टँडच्या खड्ड्यात टाकले होते. आता दाखवण्यासारखं काही उरलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तू उरला होतास.

गेल्या महिन्यात दवाखान्यात आलो तेव्हा तो आलेख माझ्या खिशात होता. शपथ घेऊन सांगतो, दाखवायलाच आणला होता. तू उशांना टेकून बसला होतास, एकेका श्वासासाठी खांदे वर उचलत होतास. घर, मुलगी, रजा, ह्यातलं काही तू बोलला नाहीस. म्हणालास, "सर, लई इचार केला. गास्केट न्हवतं. बोल्ट न्हवतं. कॉक मी दोनदा बदलला. मग ऱ्हायलं काय?"

मी म्हणालो, "बोलू नकोस, दम लागतोय तुला."

काळजीचं बोलणं असं कामाला येतं. तू माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिलास. त्या पाहण्यात तुला काही कळलं होतं का, की नुसता दम घेत होतास, हे आता मला कोण सांगणार? नर्स आली, मी उठलो. आलेख खिशात घामाने ओला झाला होता.

रविवारी सगळे गेल्यावर वहिनींनी मला थांबवलं. आतून शेवटचा डबा आणला, आठ बोल्टांचा. म्हणाल्या, "हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे सर. ह्ये घरी असलं की बादलीत घालून बघत बसायचं. मी म्हनायची, किती बघतासा, त्यात काय हाय. तर म्हनायचं, चूक कुठं झाली ती सरास्नी ठावं आसंल, त्येंनाच इचारीन." त्यांनी तो माझ्या हातात ठेवला. "सर, खरंच गळत हुता का वो त्यो डबा?"

मी म्हणालो, "नाही वहिनी. गळत नव्हता."

"मग?"

मी म्हणालो, एवढं जुनं आता आठवत नाही. त्यांनी मला चहा दिला. मी तो प्यालो.

डबा घरी आणला. आज सकाळी बादली भरली, सायकलच्या पंपाने हवा भरली, तू भरायचास तशी, आणि डबा पाण्यात बुडवून स्टुलावर बसलो. बायकोने विचारलं, काय बघताय? किसन, तुला खरं सांगायचं तर मला एक बुडबुडा हवा होता. एकच. इतक्या दिवसांत रबर कडक झालं असेल, बोल्ट गंजले असतील, कुठून तरी एक यावा, म्हणजे मी म्हणायला मोकळा की बघा, गळतोच की. तू गेल्यावरसुद्धा मी तेवढंच मागत होतो.

दुपारी जेवायला हाक आली तोवर बसलो होतो. एकही आला नाही.